सावली

सावली म्हणजे प्रकाशाच्या मार्गात अपारदर्शक वस्तू आल्यामुळे तिच्या पलीकडे निर्माण होणारा कमी प्रकाशाचा प्रदेश. या प्रदेशाच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या आकृतीलाही सावली म्हणतात आणि उन्हापासून बचाव करणाऱ्या जागेलाही. मराठीत या दोन्ही कल्पनांसाठी एकच शब्द आहे. इंग्रजीत मात्र आकृतीसाठी ‘शॅडो’ आणि गारव्याच्या जागेसाठी ‘शेड’ असे दोन शब्द वापरले जातात. भौतिकी, खगोलशास्त्र, कालमापन, वास्तुरचना, शेती, भूगोल, चित्रकला आणि समाजजीवन या सर्व क्षेत्रांत सावलीला स्वतंत्र महत्त्व आहे. उष्ण कटिबंधातील प्रदेशांत सावली ही आरोग्याशी निगडित अशी मूलभूत गरजही आहे.

शब्द आणि रूपे

जुन्या मराठीत ‘साउली’ असे रूप आढळते. ‘छाया’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असून फारसीतील ‘साया’ आणि ग्रीकमधील ‘स्किया’ हे त्याचे सगोत्र शब्द मानले जातात. संस्कृतात ‘छाया’ या शब्दाला कांती, शोभा आणि प्रतिबिंब असेही अर्थ आहेत. संस्कृत नाटकांतील प्राकृत संवादांच्या शब्दशः संस्कृत रूपांतराला ‘संस्कृत छाया’ म्हणतात. मूळ मजकुराच्या पाठोपाठ जाणारे रूपांतर, असा अर्थ त्यात अभिप्रेत आहे.

बोलीत प्रत्यक्ष उन्हाच्या संदर्भात ‘सावली’ आणि शास्त्रीय किंवा जोडशब्दांत ‘छाया’ अशी ढोबळ विभागणी दिसते. छायाचित्र, छायाप्रत, छायालेखक, पर्जन्यछाया आणि छत्रछाया ही त्याची उदाहरणे होत. अंधूक आकृतीसाठी ‘पडछाया’ हा शब्द वापरतात. फांद्यांतून किंवा छपराच्या फटीतून सावलीत पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याला ‘कवडसा’ म्हणतात.

लाक्षणिक वापरात मराठीने एक महत्त्वाचा भेद केला आहे. आश्रय, माया आणि संरक्षण यांसाठी ‘सावली’ हा शब्द येतो. आईवडिलांना सावलीची उपमा देणे हा त्याचाच भाग. संकट, दुःख किंवा भय यांसाठी मात्र ‘सावट’ हा वेगळा शब्द योजला जातो. त्यामुळे दुष्काळाचे किंवा युद्धाचे ‘सावट’ असते, ‘सावली’ नसते. ‘छाया’ हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो: ‘कृपाछाया’ आणि ‘भीतीच्या छायेत’ हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. ‘सावलीसारखे मागे असणे’ म्हणजे क्षणभरही साथ न सोडणे, ‘स्वतःच्या सावलीला भिणे’ म्हणजे अतिशय भित्रे असणे आणि ‘एखाद्याची सावलीही नको’ असे म्हणणे म्हणजे त्याचा संपूर्ण तिटकारा करणे. ‘केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ या प्रयोगात ऊन हे अनुभवाचे चिन्ह ठरते. ‘सावलीत वाढलेला’ या शब्दांत कष्टांची ओळख नसल्याचा भाव असतो.

रंगाच्या किंवा अर्थाच्या सूक्ष्म फरकासाठी मराठीत ‘छटा’ हा शब्द आहे. ‘अर्थच्छटा’ हा शब्द त्यावरूनच बनला. रंगविक्रेते आणि शिंपी यांच्या व्यवहारात यासाठी ‘शेड’ हा इंग्रजी शब्दही रुळला आहे. संमिश्र स्वभावाच्या पात्राला ‘ग्रे शेड’ असलेली भूमिका म्हणतात. ‘पत्र्याची शेड’ या प्रयोगातील शब्द मात्र वेगळा आहे. तो छप्पर किंवा निवारा या अर्थाच्या दुसऱ्या इंग्रजी शब्दावरून आला असून मराठीत दोन्हींचे लेखन सारखेच होते.

‘सावली’ हे चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याचेही नाव आहे. पुराणांत ‘छाया’ ही सूर्याची पत्नी आणि शनीची माता मानली जाते. हिंदुस्थानी संगीतात ‘छायानट’ नावाचा राग आहे. ब्रिटनसारख्या संसदीय लोकशाहीत विरोधी पक्ष प्रत्येक खात्यासाठी आपला प्रतिनिधी नेमतो. त्या गटाला ‘छाया मंत्रिमंडळ’ म्हणतात.

सावली पडण्याची प्रक्रिया

एकाच माध्यमात प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, म्हणून अपारदर्शक वस्तूच्या मागे सावली पडते. प्रकाशस्रोत बिंदूएवढा लहान असेल, तर सावलीची कड रेखीव असते. सूर्य मात्र पृथ्वीवरून सुमारे अर्ध्या अंशाच्या तबकडीसारखा दिसतो. त्यामुळे सावलीचे दोन भाग पडतात. ज्या भागातून सूर्यबिंब पूर्णपणे झाकलेले असते, ती प्रच्छाया होय. ज्या भागातून ते अंशतः दिसते, ती उपच्छाया होय.

सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. म्हणून कोणत्याही वस्तूची प्रच्छाया तिच्या रुंदीच्या साधारण तेवढ्याच पट अंतरावर संपते. १ सेंटिमीटर जाडीच्या तारेची प्रच्छाया जेमतेम १ मीटर लांब असते. त्यामुळे उंच खांबावरील तारेची सावली जमिनीवर फिकट आणि अस्पष्ट दिसते. आकाशात फार उंच घिरट्या घालणाऱ्या घारीची सावली जमिनीवर ओळखू येत नाही, याचेही कारण हेच आहे.

पृथ्वीवरील सावली संपूर्ण काळी नसते. वातावरणात विखुरलेला प्रकाश आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेला प्रकाश तेथे पोहोचतो. स्वच्छ आकाशाखालील सावलीत निळसर छटा असते. चंद्रावर वातावरण नसल्यामुळे तेथील सावल्या कितीतरी गडद दिसतात.

झाडाखालचे कवडसे बहुधा गोल किंवा लंबगोल असतात. पानांमधील फटींचा आकार मात्र वेडावाकडा असतो. प्रत्येक लहान फट सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाप्रमाणे काम करते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पाडते. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखालचे सर्व कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

ग्रहणे ही अवकाशातील सावल्यांचीच उदाहरणे आहेत. चंद्राची प्रच्छाया सरासरी सुमारे ३,७४,००० किलोमीटर लांब असते आणि चंद्राचे पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर आहे. चंद्र जवळ असताना प्रच्छायेचे टोक पृथ्वीला टेकते आणि तेथे खग्रास ग्रहण दिसते. तो दूर असताना टोक पोहोचत नाही आणि कंकणाकृती ग्रहण दिसते. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. आर्यभटाने ‘आर्यभटीय’ या ग्रंथात ग्रहणांचे कारण चंद्र आणि भूछाया हे असल्याचे सांगितले. चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड नेहमी गोलाकार असते, हा पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून ॲरिस्टॉटलने मांडला होता.

कालमापन आणि दिशाज्ञान

सपाट जमिनीवर उभ्या केलेल्या काठीच्या सावलीवरून वेळ, दिशा, ऋतू आणि अक्षांश या चारही गोष्टी काढता येतात. भारतीय ज्योतिषशास्त्रात या काठीला ‘शंकू’ म्हणतात आणि तिची उंची १२ अंगुळे धरतात. शंकूभोवती वर्तुळ काढून सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते तो बिंदू आणि दुपारनंतर ते बाहेर पडते तो बिंदू जोडला, की पूर्व-पश्चिम रेषा मिळते.

विषुवदिनी मध्यान्ही पडणाऱ्या शंकूच्या सावलीला ‘पलभा’ म्हणतात. तिच्यावरून त्या स्थळाचा अक्षांश ठरतो. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश असल्याने तेथील पलभा जवळपास ४ अंगुळे, म्हणजे शंकूच्या एक तृतीयांश येते. त्याच दिवशी पुण्यात सौरवेळेनुसार दुपारी ३ वाजता सावली उंचीच्या सुमारे १.१ पट होते आणि ५ वाजता जवळजवळ ४ पट. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली मध्यान्ही साधारण ५५ सेंटिमीटर, ३ वाजता १८० सेंटिमीटरच्या आसपास आणि ५ वाजता सुमारे साडेसहा मीटर असते.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने सावलीच्या मोजमापावरून पृथ्वीचा परीघ काढला. इजिप्तमधील सायीनी, म्हणजे आजचे आस्वान, येथे सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही सावली जवळजवळ नाहीशी होत असे. अलेक्झांड्रियात त्याच वेळी सूर्यकिरणांचा कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका होता. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र हे सुमारे २७ मीटर उंचीचे सूर्यघड्याळ आहे. त्यावरील सावली सेकंदाला साधारण १ मिलिमीटर सरकते, त्यामुळे तिची हालचाल डोळ्यांना दिसते.

शून्य सावली

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशात वर्षातून दोन दिवस मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाशीच लपते. यांना शून्य सावलीचे दिवस म्हणतात. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथे सर्वत्र हा अनुभव येतो. गोवा आणि सिंधुदुर्ग येथे पहिला दिवस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, परंतु तेव्हा आकाश ढगाळ असल्याने तो सहसा पाहता येत नाही. ही घटना घड्याळात १२ वाजता घडत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशानुसार ठरलेली असल्याने मे महिन्याच्या मध्यास पुण्यात मध्यान्ह १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास होते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे शून्य सावली कधीच पडत नाही.

कलेतील सावली

चित्रकलेत सपाट पृष्ठभागावर घनतेचा आभास निर्माण करण्यासाठी छायाप्रकाशाचा वापर करतात. वस्तूच्या स्वतःच्या अंगावरील अंधारलेला भाग आणि तिने दुसऱ्या पृष्ठभागावर टाकलेली सावली या दोन गोष्टी चित्रकार वेगळ्या मानतो. फोटोग्राफीसाठी मराठीने स्वीकारलेला ‘छायाचित्रण’ हा शब्द लक्षणीय आहे. मूळ ग्रीक घटकांचा अर्थ ‘प्रकाशाने लिहिणे’ असा आहे, मराठी शब्दाने मात्र सावलीला प्राधान्य दिले.

छायाबाहुल्यांच्या खेळात पडद्यामागे दिवा ठेवून चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडतात. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ही परंपरा जतन केली आहे. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आंध्र प्रदेशातील तोलू बोम्मलाटा, कर्नाटकातील तोगलू गोंबेयाटा, केरळमधील तोलपावकूत्तू आणि ओडिशातील रावणछाया हे याच प्रकारचे खेळ आहेत. आंध्र आणि कर्नाटकातील बाहुल्या अर्धपारदर्शक व रंगवलेल्या असल्याने त्यांच्या सावल्याही रंगीत दिसतात.

शेतीतील सावली

बहुतेक पिकांना भरपूर सूर्यप्रकाश लागतो. म्हणून बांधावरील मोठ्या झाडाच्या सावलीत ज्वारी-बाजरीसारखी पिके खुरटतात आणि शेजाऱ्यांत वादाला कारण मिळते. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि अतिलाल प्रकाश बराचसा पुढे जाऊ देतात. या दोहोंचे प्रमाण बदलल्याचे वनस्पती ‘फायटोक्रोम’ या रंगद्रव्याच्या साहाय्याने ओळखते आणि सावलीतून बाहेर पडण्यासाठी उंच वाढू लागते. सावलीतील रोपे लांबट व किडकिडीत होतात ती यामुळे.

काही पिकांना मात्र सावलीच मानवते. पानमळ्यात नागवेलीला आधार आणि सावली देण्यासाठी शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा अशी झाडे लावतात. कोकण-गोव्यात नारळ-सुपारीच्या बागेत मिरी आणि जायफळ ही पिके घेतात. कर्नाटकातील कोडगू आणि चिकमगळूर येथील कॉफी मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढवली जाते. रोपवाटिका आणि भाजीपाल्यासाठी शेडनेटचा वापर होतो. जाळी किती टक्के प्रकाश अडवते, यावरून तिची प्रतवारी ठरते.

पर्जन्यछाया

सावली ही केवळ प्रकाशाची नसते. पर्वताने पावसाचे वारे अडवल्यामुळे त्याच्या मागच्या बाजूस जो कोरडा प्रदेश तयार होतो, त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते, बाष्पाचे सांद्रीभवन होऊन कोकणात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. माथा ओलांडून खाली उतरताना हवा तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि पाऊस झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात, तेथून पूर्वेस साधारण १०० किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. पश्चिम महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण पट्ट्याची स्थिती, तेथील हंगामी स्थलांतर आणि पाण्यासाठीचे लढे समजून घेताना ही भौगोलिक सावली विचारात घ्यावी लागते.

सावली आणि अस्पृश्यता

भारतीय जातिव्यवस्थेत अस्पृश्य मानलेल्या व्यक्तीच्या स्पर्शाप्रमाणेच तिच्या सावलीनेही विटाळ होतो, असे अनेक ठिकाणी मानले जात असे. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात पुण्यातील निर्बंधाची नोंद केली आहे. त्यानुसार मराठे आणि पेशवे यांच्या काळात महार आणि मांग यांना दुपारी ३ ते सकाळी ९ या वेळेत शहराच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती. सकाळी व संध्याकाळी सावल्या लांब पडतात आणि त्या उच्चवर्णीयांच्या अंगावर पडण्याचा संभव असतो, हे त्यामागील कारण होते. वर दिलेल्या मोजमापानुसार विषुवदिनी पुण्यात माणसाची सावली नेमकी याच वेळांना त्याच्या उंचीहून लांब होऊ लागते. वेळ सांगण्यासाठी आणि दिशा ठरवण्यासाठी उपयोगी पडणारे सावलीचे ज्ञान येथे माणसाला रस्त्यावरून हटवण्यासाठी वापरले गेले.

डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १९३६ मधील ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात पेशवाईतील अशा निर्बंधांचा दाखला देऊन जातिव्यवस्थेवर कठोर टीका केली. सावली ही पदार्थ नव्हे. ती प्रकाशाचा अभाव आहे आणि कोणत्याही दोन माणसांच्या सावल्यांत भौतिक दृष्ट्या फरक नसतो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम करण्यात आला. १९७६ मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले.

आसरा आणि सार्वजनिक सावली

हवामान खाते जाहीर करते ते तापमान सावलीतील असते. जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेल्या, झरोके असलेल्या पांढऱ्या पेटीत ते मोजतात. म्हणून ४४ अंश सेल्सिअस तापमानाच्या दिवशी उघड्यावर काम करणाऱ्या मजुराच्या शरीरावर त्या आकड्यापेक्षा अधिक उष्णतेचा भार पडतो. निरभ्र आकाशात मध्यान्ही प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट एवढी सौरऊर्जा पडते. सावलीत हवेचे तापमान फारसे उतरत नसले, तरी शरीरावर थेट पडणारी ही ऊर्जा अडवली जाते. आराम मिळतो तो मुख्यतः यामुळे.

सर्व सावल्या सारख्या गार नसतात. पत्र्याचे छप्पर तापून स्वतःच उष्णता फेकू लागते. झाडाच्या पानांतून मात्र बाष्पोत्सर्जन चालू असते आणि पाण्याचे बाष्प होताना प्रत्येक लिटरमागे सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्ची पडते. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, चिंच आणि आंबा हे दाट सावलीचे वृक्ष म्हणून ओळखले जातात. कडुनिंब, पिंपळ आणि करंज यांना ऐन उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी फुटते, म्हणून ते रस्त्याकडेला विशेष उपयुक्त ठरतात.

घरबांधणीत ओटी, पडवी, ओसरी आणि छज्जा यांचा हेतू सावली मिळवणे हाच असतो. दक्षिणेकडील खिडकीवर छज्जा उपयोगी पडतो, कारण त्या बाजूचा मध्यान्हीचा सूर्य उंचावर असतो. पूर्व-पश्चिमेचे कलते ऊन मात्र छज्जाने अडत नाही. त्यासाठी झाड, जाळी किंवा चिकाचा पडदा लागतो.

सावली ही सार्वजनिक सोय मानण्याची परंपरा भारतात जुनी आहे. सम्राट अशोकाने माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे इ.स.पू. तिसऱ्या शतकातील त्याच्या सातव्या स्तंभलेखात नमूद आहे. गावातील झाडाभोवतीचा पार हा विसाव्याचा आणि चर्चेचा, तर बाजारातील झाड हा किरकोळ विक्रेत्यांचा आधार असतो. रस्तारुंदीकरणात जुनी झाडे तोडली गेली, की त्यांच्याखाली बसणाऱ्या चर्मकार, न्हावी, भाजीविक्रेत्या आणि रिक्षाचालक यांची कामाची जागाच उन्हात येते. नव्या रोपाला तेवढा विस्तार मिळण्यास कित्येक वर्षे जावी लागतात. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू आहे. २०२१ मधील सुधारणेनुसार ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण देण्यात आले. वाढत्या उष्णतेच्या लाटांमुळे शहरांच्या उष्णताविरोधी कृती आराखड्यांत पाणपोयांबरोबरच सावलीच्या जागांचा विचार होऊ लागला आहे. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये तयार केलेला आराखडा हा दक्षिण आशियातील या प्रकारचा पहिला आराखडा मानला जातो.